दोन-दोन स्वातंत्र्यदिन कशाला?

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र :

"आमचं एकत्र कुटुंब. मालक गोव्यात कामाला, सुट्टीला येतात. मुलगी गावातल्या मराठी शाळेत सातवीला, मुलगा बेळगावच्या इंग्रजी शाळेत चौथीला. पंधरा ऑगस्ट असो की सव्वीस जानेवारी, सकाळी शाळेतलं झेंडावंदन झालं, जिलेबी आणली, की उरलेला दिवस टीव्हीसमोर जातो. यंदा मुलानं विचारलं, 'दोन-दोन स्वातंत्र्यदिन कशाला?' घरात कुणालाच धड सांगता आलं नाही. २०२२ साली आणलेला तिरंगा ट्रंकेत आहे. कडेला उसवलाय, रंगही उडालाय. त्याचं काय करू? गच्चीवर बांबूला भगवा असतो, नवा तिरंगा त्यालाच बांधला तर चालतो का? जिलेबी घरी करायला जाते ती चपटी होऊन बसते. आणि शेवटचं : एक नोव्हेंबरला मुलाला शाळेत लाल-पिवळे कपडे घालून बोलावतात, त्याच दिवशी सासरे काळी फीत लावून निषेध फेरीला जातात. मुलगा दोघांच्या मध्ये. त्याला काय सांगू?"

ताई, मुलाला आधी शाबासकी द्या. त्याचा प्रश्न अर्धा बरोबरच आहे, कारण २६ जानेवारी हा एके काळी खरोखरच स्वातंत्र्यदिन होता. डिसेंबर १९२९ मध्ये काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर सभा घेऊन स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. तिथून पुढे १९४७ पर्यंत दरवर्षी चळवळीतली माणसं हाच दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळत आली. सत्ता प्रत्यक्ष हातात आली ती मात्र १५ ऑगस्टला. ती तारीख आपल्या लोकांनी काढलेली नव्हती, माउंटबॅटन यांनी ठरवली होती. मग इतकी वर्षं पाळलेल्या २६ जानेवारीचं काय करायचं? संविधान सभेनं संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. ते पूर्णपणे अमलात आणायला मुद्दाम दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० चा मुहूर्त धरला, तो त्या जुन्या प्रतिज्ञेची आठवण राहावी म्हणून.

मधल्या अडीच वर्षांबद्दल शाळेत फारसं सांगत नाहीत, पण चौथीच्या पोराला नेमकं तेच आवडेल. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही कागदोपत्री आपला राजा इंग्लंडचाच होता, सहावा जॉर्ज. दिल्लीत त्याचे प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर जनरल होते : आधी माउंटबॅटन, नंतर राजगोपालाचारी. २६ जानेवारी १९५० ला ते पद गेलं, राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती झाले. म्हणून मुलाला एवढंच सांगा : १५ ऑगस्टला इंग्रजांचा अंमल संपला, २६ जानेवारीला राजाच संपला आणि आपण लिहिलेले कायदे आपल्यावर लागू झाले. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान झेंडा चढवतात आणि २६ जानेवारीला दिल्लीत राष्ट्रपती फडकवतात, त्यामागेही हेच आहे. १९४७ साली राष्ट्रपतीच नव्हते. (लाल किल्ल्यावर नेहरूंनी पहिल्यांदा झेंडा चढवला तो १६ ऑगस्टला. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत भल्याभल्यांचं हे उत्तर चुकतं.)

आता दिवस टीव्हीसमोर जाऊ नये म्हणून काय करायचं? देशभक्तीची गाणी लावून मुलांना नाचवण्यात काही वाईट नाही, पण त्यातून तारीख लक्षात राहत नाही. प्रत्येक दिवसाला त्या दिवसाचंच असं एक काम ठरवा.

१५ ऑगस्टसाठी एक मोठा कागद आणि तीन रंगांचे खडू घ्या. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळचा आपला भाग काढायला सांगा. बेळगाव आणि खानापूर हा ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतातला मुलूख, त्याला एक रंग. संस्थानांना दुसरा : कागल, गडहिंग्लज कोल्हापूरचं, पलीकडे सावंतवाडी, पूर्वेला रामदुर्ग. बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. आज बाजाराला जाताना कुठे बेळगाव संपतं आणि शहापूर लागतं हे कळतही नाही. सांगली मुंबई प्रांतात विलीन झालं मार्च १९४८ मध्ये, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. तिसरा रंग गोव्याचा. तिथे १५ ऑगस्ट १९४७ ला काहीच बदललं नाही, पोर्तुगीज होते तसेच राहिले. १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रही नि:शस्त्र गोव्यात शिरले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्या मोहिमेत सैन्याची जमवाजमव बेळगावात झाली होती आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला करणारी हंटर विमानं आपल्या सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या धावपट्टीवरून उडाली होती. मुलांचे बाबा गोव्यातच असतात, तेव्हा नकाशाचा हा कोपरा त्यांच्याकडून भरून घ्या. डिसेंबरमधल्या त्यांच्या सुट्टीचा अर्थही मुलांना आपोआप कळेल.

२६ जानेवारीला घरात बसू नका, नंदगडला जा. तुमच्याच तालुक्यातलं गाव. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी दिली. त्याची जन्मतारीख १५ ऑगस्ट मानली जाते. दोन्ही राष्ट्रीय दिवस एका माणसाच्या जन्म-मृत्यूला चिकटलेले, हा योगायोग आहे. पण मुलांच्या डोक्यात तारखा पक्क्या बसवायला याहून सोपी खूण सापडणार नाही. जाताना गाडीत आधीची गोष्ट सांगा : संस्थानाचं दत्तक इंग्रजांनी नामंजूर केलं, २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, पुढे राणी कैद झाली आणि १८२९ साली बैलहोंगलच्या किल्ल्यात वारली, त्यानंतर रायण्णानं डोंगराच्या आडोशानं लढा चालू ठेवला. रायण्णाला 'कानडी लोकांचा' म्हणून बाजूला ठेवणारे आणि शिवाजी महाराजांना 'मराठी लोकांचे' म्हणून बाजूला ठेवणारे, दोघेही आपल्याकडे भेटतात. दोघांकडेही दुर्लक्ष करा.

नंदगडहून आल्यावर संविधानाचं एकच पान वाचायचं. उद्देशिका तुमच्या मुलीच्या मराठी पुस्तकात असेल, ती तिनं वाचावी. त्याला जोडून अनुच्छेद ३५० क मुलांना माहीत करून द्या. भाषिक अल्पसंख्याक समाजातल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशा पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं आणि स्थानिक संस्थेनं करावा, असं ते कलम सांगतं. तुमची मुलगी कर्नाटकात राहून मराठी शाळेत शिकते, त्या शाळेच्या पाठीशी हे कलम आहे. ते मूळ संविधानात नव्हतं, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं. कधीपासून लागू झालं ते एक नोव्हेंबरच्या उत्तरात सांगतो.

तिसरी राष्ट्रीय सुट्टी २ ऑक्टोबर. राष्ट्रीय सुट्ट्या या तीनच. गांधीजींचा जन्म १८६९, लालबहादूर शास्त्रींचा १९०४, दोघांची तारीख एक. बेळगावशी या दिवसाचं नातं थेट आहे. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. त्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. काँग्रेस रोडवरून जाणाऱ्या निम्म्या लोकांना रस्त्याचं नाव त्यावरून पडलं हेही ठाऊक नसतं. विहीर आणि शेजारचं वीरसौध हे अधिवेशनाचं स्मारक पाहायला तासभर पुरतो. आणि याच सुमारास खादी भांडारात सूट असते, तेव्हा झेंडा घ्यायचा असेल तर जानेवारीची वाट न पाहता तेव्हाच घेऊन ठेवा. आपल्याकडे यात चैन आहे. राष्ट्रध्वजासाठी मानांकन असलेलं खादी केंद्र हुबळीच्या बेंगेरीत आहे आणि ध्वजाचं कापड धारवाडजवळच्या गरगच्या मागांवर विणलं जातं. गांधीजी १९३७ साली ज्या हुदलीत येऊन राहिले, तिथेही खादीचं काम आहे.

आता झेंडा. पत्रात तुम्ही हे दोन ओळींत विचारलंत, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

ट्रंकेतला झेंडा आधी जमिनीवर नव्हे, स्वच्छ चादरीवर पसरा. २०२२ साली पोस्टात पंचवीस रुपयांना मिळालेला असेल तर तो वीस बाय तीस इंचांचा आहे. लांबी-उंचीचं प्रमाण तीनास दोन हवं. चक्र बरोबर मध्ये, गोल, गडद निळ्या रंगाचं आणि चोवीस आऱ्यांचं, दोन्ही बाजूंनी दिसणारं. तेव्हा घाईत छापलेल्या झेंड्यांत चक्र लांबट किंवा एका बाजूला सरकलेलं पुष्कळ होतं; असा झेंडा कितीही कोरा असला तरी लावू नये. तुमचा उसवलाय आणि विटलाय, म्हणजे त्याचं काम संपलं. ध्वजसंहितेप्रमाणे फाटका-विटका झेंडा लावायचा नसतो. उसवलेली कड कापून पुन्हा टीप मारायचा मोह होईल, पण दोन इंच कापले की प्रमाण गेलं.

तो कचऱ्यात नाही, मलप्रभा नदीत तर नाहीच. फाटलेला झेंडा संपूर्णपणे, खासगीत, शक्यतो जाळून किंवा त्याच्या मानाला शोभेल अशा दुसऱ्या रीतीनं नष्ट करावा असा नियम आहे. 'खासगीत' हे महत्त्वाचं. फोटो नाही, व्हॉट्सॲप स्टेटस नाही. सुती किंवा खादीचा झेंडा पेटत्या निखाऱ्यावर घडी उलगडून ठेवला की पाच मिनिटांत राख होते. ती राख परसात झाडाच्या बुडाशी पुरा. तुमचा बहुधा पॉलिस्टरचा. तो पेटत नाही, वितळतो, काळा धूर आणि चिकट गोळे सोडतो; त्यानं मानही राहत नाही आणि पोरं खोकत बसतात. त्याची घडी घालून पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा आणि जिथे कुदळ परत लागणार नाही अशा कोपऱ्यात दोन फूट खोल पुरा. कुजणार नाही, हे खरं. म्हणूनच पुढचा खादीचा घ्या. पॉलिस्टरला आणि यंत्रावर शिवलेल्याला डिसेंबर २०२१ पासून परवानगी आहे, पण परवानगी आहे म्हणून तोच आणावा असं थोडंच आहे? शाळेत वाटलेले कागदी झेंडे संध्याकाळी मुलीला सांगून गोळा करून घ्या. तेही पायदळी जाऊ द्यायचे नाहीत. प्लास्टिकचे आणूच नका.

भगव्याच्या बांबूला तिरंगा बांधायचा का? नाही. एका काठीवर तिरंग्यासोबत दुसरा कुठलाही झेंडा चालत नाही. त्याच्यापेक्षा वर चालत नाही, शेजारीही नाही. आपल्याकडे गच्चीवरचा भगवा बारा-पंधरा फुटी बांबूवर असतो आणि तिरंगा कठड्याला चार फुटी काठीवर. दुरून पाहिलं तर चूक लगेच दिसते. सोपा मार्ग म्हणजे आदल्या संध्याकाळी भगवा मानानं उतरवून देवघरात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवा. उतरवायचा नसेल तर त्याची काठी छोटी करून गच्चीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, तिरंग्याच्या खाली. हाच नियम कानडी लाल-पिवळ्या झेंड्याला, पक्षाच्या झेंड्याला आणि मंडळाच्या झेंड्यालाही. कुणी विचारलं तर सांगता येईल की यात डावं-उजवं काही नाही.

तीस इंची झेंड्याला सात-आठ फुटांची, सव्वा इंच जाडीची सरळ काठी घ्या. झेंड्याच्या काठीकडच्या बाजूला नेफा असतो का बघा. नसेल तर पांढऱ्या सुती कापडाची पट्टी शिवून नेफा करा, त्यातून दोरी ओवून वरच्या आणि खालच्या टोकाला दोरीची गाठ काठीला पक्की बांधा. फक्त वरच्या टोकाला बांधला की वाऱ्यानं झेंडा वर गोळा होतो किंवा काठीला गुंडाळतो. ऑगस्टमधल्या तुमच्याकडच्या पावसात तर तासाभरात त्याची चिंधीच दिसते. खिळे, स्टेपल, टाचण्या झेंड्यात मारू नका. काठी कठड्याला दोन ठिकाणी, निदान दीड फुटाच्या अंतरानं आवळा. एकाच ठिकाणी बांधलेली काठी वाऱ्यात फिरते. खिडकीतून तिरकी काढणार असाल तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे हवा. भिंतीवर उभा लावला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. काठीच्या टोकावर हार, फुगा, नारळ काही नको. घडी करून बांधलेल्या झेंड्याच्या आत पाकळ्या ठेवायला हरकत नाही.

तुमच्या गल्लीत कप्पीचा खांब असेल तर १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, २६ जानेवारीला तो घडी करून वरच बांधलेला असतो आणि दोरी ओढून उलगडतात. हा प्रघात आहे, पण बहुतेक ठिकाणी दोन्ही दिवशी बांधलेलाच ठेवतात. मग पाहुणे दोरी ओढतात आणि झेंडा सुटत नाही. कारण एकच : गाठ सरकफास नसते, आणि रात्रभर पावसात भिजून दोरी फुगलेली असते. नायलॉनची दोरी वापरा, एकच सरकफास मारा, सकाळी पाहुणे येण्याआधी एकदा ओढून पाहा आणि पुन्हा बांधा. बांधताना केशरी टोक वर आहे ना, हे दोघांनी तपासायचं. बांधणाऱ्यानं एकट्यानं तपासलं की उलटा झेंडा होतोच. चढवताना झपाट्यानं, उतरवताना सावकाश. राष्ट्रगीत झेंडा वर पोहोचून स्थिर झाल्यावर. ते सुमारे ५२ सेकंदांत म्हणायचं असतं. मिनिटाच्या वर गेलं तर ताल ओढला जातोय. फोनवरची चाल लावण्यापेक्षा मुलीला खालच्या स्वरात सुरू करायला सांगा, सगळ्यांचा आवाज पोचेल.

जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. पण पावसाळ्यात संध्याकाळी उतरवा आणि सावलीत वाळवा. खादी असेल तर गार पाण्यात एकटाच धुवा, हिरवा रंग पहिल्या पाण्यात सुटू शकतो. घडी अशी : केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडा, मग दोन्ही कडा मध्याकडे आणा, वर चक्र दिसत राहील. मोटारीवर झेंडा लावण्याचा मान काही ठरावीक पदांनाच आहे, तेव्हा गाडीच्या बॉनेटवर तो पसरू नका. दारात तीन रंगांची रांगोळी काढा, पण चक्रासकट हुबेहूब झेंडा काढू नका. दुपारपर्यंत त्यावरून कुणीतरी जाणारच. केकवरून मात्र भांडू नका; तिरंगी केक कापणं हा ध्वजाचा अपमान नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आहे.

जिलेबी चपटी होते याची दोनच कारणं असतात : पीठ पातळ किंवा तेल थंड. पाव किलो मैदा, दोन मोठे चमचे बेसन, अर्धी वाटी आंबट दही आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत भिजवा. पळी उचलली की पीठ न तुटता, दोरीसारखं सलग पडलं पाहिजे, थेंब थेंब नाही. तुमच्याकडे ऑगस्टच्या ओलसर गारठ्यात रात्रभरात पीठ फुगत नाही, चोवीस तास द्या. म्हणजे १४ तारखेच्या सकाळी भिजवायचं. आंबलेलं पीठ मुळापेक्षा सैल होतं, हे लक्षात न घेता लोक आणखी पाणी घालतात आणि तिथेच जिलेबी फिसकटते. सैल वाटलं तर तळायच्या आधी दोन चमचे मैदा घालून हलक्या हातानं फिरवा. पसरट तव्यासारख्या भांड्यात इंच-दीड इंच तूप किंवा तेल. पिठाचा थेंब टाकला की लगेच वर यावा, पण लगेच लाल होऊ नये. पाक : अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी, एकतारी झाला की चमचाभर लिंबाचा रस. रस घातला नाही तर पाक तासाभरात खडीसाखर धरतो. पाक कोमट हवा. गार पाकात जिलेबी वरून चिकट आणि आतून कोरडी राहते, उकळत्या पाकात मऊ पडते. तेलातून काढली की थेट पाकात, अर्धा मिनिट, बाहेर. एवढं करायचं नसेल तर गल्लीच्या कोपऱ्यावरची आणा. त्यानं स्वातंत्र्याला काही बाधा येत नाही.

आता एक नोव्हेंबर. ही राष्ट्रीय सुट्टी नाही, राज्याचा दिवस आहे. मुलाला हा फरक आधी सांगा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला. जुनं म्हैसूर, मुंबई राज्यातले चार जिल्हे, हैदराबादमधले तीन, मद्रासकडचा दक्षिण कॅनरा, शिवाय कोडगू हे सगळं एका राज्यात आलं. १९७३ साली त्याच तारखेला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. पाच कारभारांत विखुरलेली कानडी माणसं एकत्र आली, तो त्यांचा आनंदाचा दिवस, आणि तो आनंद खरा आहे. मुंबई राज्यातून गेलेल्या चार जिल्ह्यांत बेळगाव होतं. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. खानापूर, निपाणी, बेळगाव म्हैसूरकडे गेलं. तसं ठरल्याचं कळल्यावर बेळगावात उठलेल्या आंदोलनात १७ जानेवारी १९५६ ला गोळीबार झाला, माणसं गेली. दरवर्षी हुतात्मा दिनाला तुमचे सासरे ज्यांना वंदन करतात ते हेच. त्यांचं दुःखही खरं आहे. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात.

आणि वर राहून गेलेली गोष्ट : सातवी घटनादुरुस्तीही त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला लागू झाली. म्हणजे ज्या दिवशी खानापूर म्हैसूरकडे गेलं, त्याच दिवशी मुलीच्या शाळेला आधार देणारं ३५० क कलमही आलं. हे सासऱ्यांनाही सांगा. एक नोव्हेंबरचा कानडी राज्योत्सव आणि त्याच दिवशीचा मराठी लोकांचा काळा दिन या दोन्हींच्या भाषणांतून हा मुद्दा गळतो, आणि सरकारी कचेरीत मराठी शाळेसाठी अर्ज करताना तोच कामाला येतो.

मुलाच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या दंडावर काळी फीत नको आणि त्याच्या तोंडून घोषणाही नकोत. दोन्ही बाजूंच्या. आजोबांनी फेरीला जावं, तो त्यांचा हक्क आहे. निघण्यापूर्वी नातवाला शेजारी बसवून आपण का जातो ते दहा मिनिटांत, कुणाला शिव्या न देता सांगावं. मुलानं शाळेत जावं. शाळेत कानडी शिकतोच आहे, एखादी कानडी कविता पाठ म्हणून दाखवली तर बाईही खूश होतील. लाल-पिवळ्या कपड्यांचा आग्रह फार होत असेल तर वर्गशिक्षिकेला पंधरा दिवस आधी भेटा, कार्यक्रमाच्या सकाळी नव्हे. सरळ सांगा की मुलगा कार्यक्रमात भाग घेईल, शाळेच्या गणवेशात. बहुतेक शिक्षकांना मूल हजर हवं असतं, कपड्यावरून ते अडून बसत नाहीत. भेटायला जाताना सासऱ्यांना नेऊ नका. मुलाच्या बाबांना सुट्टी मिळत असेल तर ते येऊ देत, गोव्यात राहून त्यांची कानडी तुमच्यापेक्षा कच्ची झाली असली तरी.